डब्याला बाहेरून कडी नाही

माझ्या डब्याला बाहेरून कडी नाही. आतून आहे, चांगली जाड, पितळी. बाहेरून नाही, आणि मी हयात आहे तोवर बसणार पण नाही. ज्या वेल्डरनं हा डबा बनवला त्याच्याशी माझं पहिलं भांडण ह्याच गोष्टीवरून झालं.

बीडच्या बायपासला त्याचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर असली कामं तो करतो. मी त्याला म्हटलं, माझ्या जीपच्या मागं जोडायला एक डबा पाहिजे. दोन चाकं, एक माणूस आडवं होईल अशी फळी, फळीखाली दोन कुत्री पसरतील एवढी जागा, एक खिडकी, एक दार. त्यानं चष्मा कपाळावर सारला.

"धंदा कशाचा टाकायलाव, आक्का? रसवंती का चायनीज?"

"धंदा न्हाई. मी राहणार हाय त्यात."

"राहणार? अन घर?"

"घर हाय की. घराला चाकं न्हाईत ना."

तो हसला, पण हाताचा पक्का होता. जुन्या व्हॅनचा धुरा, स्प्रिंगचे पाटे, अँगलचा सांगाडा, वरून पत्रा, टँकरचा उरलेला निळा रंग. शेवटी दार बसवताना त्यानं बाहेरच्या बाजूला कडी-कोयंडा लावायला घेतला आणि मी ओरडले.

"काढ ती. बाहेरून कडी नको."

"अवो, सामान चोरीला जाईल की."

"कुत्री हायेत."

"मग कुत्री पळून जातील."

"ज्याला जायचंय त्यानं जावं. दार आतून लागलं पाहिजे, बास."

बाईचं डोकं जरा हललेलं आहे असं त्याला वाटलं. वाटू दे. त्याला माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगते. त्याच दिवसांत माझी आई माझ्या भावाच्या बंगल्यात, मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावलेल्या दाराआड बसलेली होती. तिला तिथून काढून एकदा तरी उघड्यावर मुक्कामाला न्यायचं, हे मी मनाशी धरलं होतं. भाऊ तर नाहीच म्हणणार होता, पण त्याला विचारायचं कुणाला होतं!

आमचं घराणं मेंढरांचं. दिवाळी झाली की आई-बाप मेंढरं घेऊन निघायचे ते मिरगाच्या तोंडाला परत. घोड्यावर भांडी, पीठ-मीठ, पालाचं कापड, कोंबड्यांचं डालगं, आणि डालग्याच्या शेजारी आम्ही दोघं, मी आणि माझा धाकटा भाऊ. कुत्रीची पिल्लंसुद्धा आमच्यातच. सगळ्यांना मिळून एका दोरीनं बांधलेलं असायचं, कारण लेकरू झोपलं की घोड्यावरून पडतं. पिल्लं आमच्या अंगावर मुतायची आणि भाऊ त्यांचे कान चावायचा. बाप कळपाबरोबर मागून यायचा. आई घोडं धरून पुढं चालायची. मुक्कामाची जागा हुडकायची, पाल ठोकायचं, चूल मांडायची, हे सगळं बायांचं काम. बाप मेंढरं घेऊन पोचायचा तेव्हा भाकरीचा वास सुटलेला असायचा.

पुढं मी वसतिगृहात शिकले, नर्स झाले, सगळी नोकरी खेड्यातल्या उपकेंद्रांत काढली. लग्न केलं, ते निभलं नाही, सोडलं. भावानं मेंढरं विकून जमीन घेतली, ऊस लावला, पुढारी झाला. नारायणगडाच्या पायथ्याकडच्या आमच्या गावात त्याचा दुमजली बंगला आहे. भाषणात तो दर वेळेस एक वाक्य टाकतो, "माझ्या आईचा जन्म उघड्यावर गेला, मी तिला स्लॅबखाली आणलं." लोक टाळ्या वाजवतात. आणलंच आहे त्यानं. गादी दिली, पंखा दिला, टीव्ही दिला. मी नाही म्हणत नाही.

पण म्हातारी दिवाळी झाली की गाठोडं बांधायची आणि चालायला लागायची. कधी गावाच्या वेशीवर सापडायची, कधी पार हमरस्त्यावरच्या ढाब्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे. मी नर्स, डॉक्टर खोटं बोलत नव्हते हे मला कळतं. आई कधी कधी मला तिची वारलेली बहीण समजते. जेवून उठते आणि जेवायला मागते. पण दिवाळीनंतर निघायचं असतं हे काही ती विसरली नव्हती. भावानं एक दिवस सुतार बोलावला आणि त्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली.

मी गेले तेव्हा आई आतून वाटीनं दार वाजवत होती. ठक ठक ठक. भाऊ सोफ्यावर बसून बातम्या बघत होता. त्यानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली!

"कडी काढ," मी म्हटलं.

"अन ट्रकखाली आली तर? मंग तू येशील का लोकांला तोंड द्यायला?"

"मानूस ठेव तिच्यापाशी."

"ठेवलतं की. दोन बाया पळून गेल्या. लई शिव्या देती ती. तुला सांगायला काय जातंय, आक्का. तू तर कुत्री घेऊन जीपमधी झोपत फिरायलीस. लोक मला इचारतेत, भैनीला घर दिलं न्हाई का म्हनून. आपून पालं सोडून आलोत, अन तू परत पालात चाललीस. लाज वाटती मला."

लाज! मेंढरं विकून आलेल्या पैशाच्या सोफ्यावर बसून त्याला पालाची लाज वाटत होती. पण ट्रकचं तो बोलला ते खोटं नव्हतं, आणि त्यावर माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

कुत्र्यांचं आता सांगते, कारण डबा मुळात त्यांच्यासाठी. काळी एका कळपातली, पायानं अधू झाली म्हणून मेंढक्यानं माझ्याकडं आणून सोडली. तांबडा उपकेंद्राच्या ओट्यावर जन्मला, तिथंच म्हातारा झाला आणि माझ्याबरोबर रिटायर झाला. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलंय. रिटायर झाल्यावर मी म्हटलं, आता फिरायचं. पहिल्यांदा परळीला वैजनाथाला गेले. भक्तनिवासातला माणूस म्हणाला, कुत्री बाहेर बांधा. लॉजवाला म्हणाला, कुत्री बाहेर बांधा. भावाकडं गेलं तरी तेच, फरशी खराब होती म्हणे. त्या रात्री आम्ही तिघं जीपमध्ये झोपलो. सकाळी बघते तर औष्णिक वीज केंद्राच्या राखेनं दोघांचे पाय करडे झालेले, आणि तांबड्याला पाठ सरळ करता येईना. तेव्हाच ठरवलं, बाहेर कुणाला बांधायचं नाही. खोलीच बरोबर न्यायची.

लोकांनी काय काय नावं ठेवली! एका गावात पोरांना वाटलं आइस्क्रीमची गाडी. एकीकडं एका आजीबाईनं हात जोडले, तिला वाटलं मयताची गाडी. आणि मी ज्या गावात नोकरी केली तिथं डबा घेऊन गेले तर पारावरची सगळी गडी माणसं उठून घराकडं. एकानं दुसऱ्याला हाळी दिली, "पळ बे, सिस्टर नसबंदीची गाडी घेऊन आली!" मी पारावर एकटीच बसून शांतपणे चहा प्याले. चहा फुकट मिळाला, कारण हॉटेलवाला पण पळाला होता.

तर आईचं. दिवाळी होऊन गेली होती. भाऊ बीडला मीटिंगला गेलाय हे बघून मी डबा बंगल्याच्या अंगणात रिव्हर्स घेतला. भावजय ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मग उठली, आत गेली, खाडकन कडी सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन शेंगांपाशी बसली.

"आक्का, मी शेंगा फोडायलेय. मला काय दिसलं न्हाई."

ह्या बाईला मी इतकी वर्षं नवऱ्याच्या ताटाखालचं मांजर समजत होते. तिचा मुका घ्यावा असं वाटलं मला.

आई बाहेर आली ती गाठोडं काखेत धरूनच. गाठोडं बांधून तयार होतं. कधीपासून बांधलेलं होतं देव जाणे.

"एवढा उशीर?" ती मला म्हणाली. "घोडं कुठं हाय?"

मी जीप दाखवली. तिनं जीपला हात लावून बघितलं, नाक मुरडलं. मग कुत्र्यांकडं वळली. काळीचा जबडा उघडून दात बघितले, तांबड्याच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. "काळी बरी हाय. ह्याला काय दिसत न्हाई, पन बसू दे मोहरं माज्यापाशी." डबा चालू असताना त्यात मी माणूस बसवत नाही, म्हणून आई पुढं माझ्या शेजारी, तांबडा तिच्या पायांत, काळी मागच्या सीटवर. निघालो.

बीड ओलांडलं. मांजरसुंब्याच्या घाटात डबा मागं ओढत होता, जीप दुसऱ्या गिअरवर कण्हत होती. आई खिडकीतून बोट दाखवत होती. हितं तुझ्या बापाला ताप आलता. हितं वाघरात लांडगा शिरलता. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. मी बघायचे तर तिथं पेट्रोल पंप, नाहीतर मंगल कार्यालय. ती मात्र पेट्रोल पंपाआडचं सगळं बघत होती. घरात दहा वेळा जेवण मागणारी म्हातारी सबंध घाटभर एकदाही चुकली नाही.

कपिलधारच्या रस्त्याला लागल्यावर मी एक छान जागा हेरली. लिंबाचं झाड, हातपंप, सपाट जमीन. जीप थांबवली. आई खाली उतरली, काठी टेकत चार पावलं चालली आणि म्हणाली, "हितं न्हाई. पाण्याजवळ बसलं की समद्या गावाच्या बाया भांडायला येतेत." पुढच्या जागेला वारं आडवं येत होतं. तिसऱ्या जागेत काटे होते. शेवटी डोंगराच्या पोटाला, सोयाबीन निघालेल्या एका मोकळ्या वावरात, बांधाच्या कडेला तिनं काठी रोवली. "हितं." मी डबा लावला, चाकांना दगड घातले, डब्याच्या पुढच्या टोकाचा लोखंडी टेकू खाली सोडला. आईनं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलं आणि सगळा डबा फिरवायला लावला. अर्धा तास मी पुढं-मागं, पुढं-मागं करत होते, घामाघूम. वर ती काठी हलवत शिव्या घालत होती ते वेगळंच.

आणि एवढं करून जागा निघाली मुंग्यांच्या वारुळावर! पिठाच्या डब्यात मुंग्या, अंथरुणात मुंग्या, तांबडा कुल्ले घासत वावरभर फिरतोय. मी म्हटलं, "आये, ही जागा तूच निवडलीस ना?" ती म्हणाली, "मुंग्या तुमच्या गाडीतनं आल्या. माज्या येळंला नव्हत्या."

संध्याकाळच्या वेळी वावराचा मालक आला. उतारवयाचा, डोक्याला टॉवेल. मी मनात तयारी केली, माफी मागायची, एक रात्र राहतो म्हणून सांगायचं. पण तो माझ्याकडं आलाच नाही. त्यानं काळी बघितली, बांधावर तीन दगडांची चूल बघितली, चुलीपुढं बसलेली म्हातारी बघितली, आणि सरळ आईपुढं जाऊन उकिडवा बसला.

"मावशे, मेंढरं कुठवर आलीत?"

आता हे समजून घ्या. आमच्याकडं वावर मोकळं झालं की शेतकरी मेंढक्याला बोलावतो. रात्री कळप वावरात बसवायचा, लेंड्या-मुताचं खत वावराला मिळतं. त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. पाल आधी येतं, मेंढरं मागून. म्हणजे कुत्री आणि म्हातारी दिसली की मेंढरं वाटेवर असणार, हा त्या बिचाऱ्याचा हिशोब. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त मेंढरं भावानं केव्हाच विकलेली होती.

मी तोंड उघडणार तोच आई बोलली.

"येतेत मागून. वावर केवढं हाय तुजं?"

त्यानं हातानं हद्द दाखवली. आईनं मान वळवून सगळं वावर नजरेखालून घातलं. "काय पेरायचंय?"

"हरभरा."

"मंग लौकर बसवाया पायजे. बाजरी देशील का जवारी?"

"बाजरी हाय."

"अन कुत्र्याला ताक."

"कुत्र्याला ताक कावून वो, मावशे?"

"मंग राहू दे. म्होरल्या वावरात बसवते."

"बरं बरं, देतो ताक."

आईची पाठ ताठ झाली होती. आवाज तोच, लहानपणी पालात पडून ऐकलेला. ज्या बाईला घरात चमचा कुठं ठेवलाय ते सांगता येत नव्हतं, ती सौद्यात एक पायरी खाली उतरली नाही. मला त्या माणसाला बाजूला घेऊन खरं सांगायला पाहिजे होतं, पण माझ्यानं बोलवेना. थोड्या वेळानं तो टोपल्यात बाजरी आणि लोट्यात ताक घेऊन आला. "हा इसार," म्हणाला. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. आईनं बाजरी पदरात ओतून घेतली आणि कपाळाला लावली. ताक तांबड्यानं एका दमात संपवलं आणि मिशा चाटत मालकाच्या पायाशी जाऊन पडला.

सकाळी जाग आली तेव्हा डब्याचं दार उघडं होतं. आई नव्हती. कुत्री पण नव्हती.

भावाचा ट्रक डोळ्यांपुढं आला. अनवाणीच पळत सुटले, आये, आये ओरडत. रस्त्याच्या अलीकडं, बांधाच्या टोकाला ती बसली होती. तांबडा तिच्या पुढ्यात आडवा पसरलेला, काळी रस्त्याच्या बाजूनं उभी. आई गाठोड्यावर हात ठेवून निवांत होती.

"वरडायलीस कावून?" ती म्हणाली. "मेंढरं दिसतेत का बघाया आलते. ह्यो म्हातारा म्होरं हलंना, म्हनून बसले."

मी तिथंच मटकन बसले आणि रडले. रागानं रडले, भीतीनं रडले. आणि खरं सांगते, परत आल्यावर माझे डोळे डब्यात तार हुडकत होते. बाहेरून दाराला गुंडाळता येईल अशी एखादी तार. हातात घेतली पण. तेवढ्यात स्वतःचीच लाज वाटली आणि ती तार लांब बांधापलीकडं फेकून दिली. त्या रात्रीपासून मी फळीवर झोपले नाही. फळी आईला दिली आणि मी दारात आडवी, एका बाजूला काळी, एका बाजूला तांबडा. जायचं असेल तर आम्हाला ओलांडून जा. आम्ही उठू आणि तुझ्याबरोबर येऊ. ट्रकवाल्या प्रश्नाला हे माझं उत्तर. ज्याला ह्याच्याहून चांगलं येतंय त्यानं ते द्यावं.

निळ्या डब्याची बातमी लपते कुठं? भाऊ आला तो दोन गाड्या घेऊन. पांढरे कपडे, मागं दोन कार्यकर्ते. गाडीतून उतरताच सुरू.

"कुनाला इचारून आनलंस तिला?"

"तिला इचारून."

"तिला काय कळतंय? आक्का, तू नर्स हायेस का कोन हायेस? चल आये, ऊठ. घरी चल."

आई चुलीपुढं बाजरीची भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "येता येत न्हाई. इसार घेतलाय."

"कसला इसार?"

"मेंढरं बसवायचेत हितं."

भावानं कपाळाला हात लावला. माझ्याकडं वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, जिंकल्याचा सूर होता. "बघ. ऐक. मेंढरं कुठं हायेत? हाय का एक तरी? बसल्या जागी सौदे करायली म्हातारी. अन तू म्हनतीस कडी काढ."

वावरात खरंच एकही मेंढरू नव्हतं. तीन माणसांना दिसत होतं, मला पण दिसत होतं. आणि मग मला सुचलं की हे सिद्ध करायची मला गरजच काय आहे?

"न्हाईत मेंढरं," मी म्हटलं. "डोस्कं फिरलंय तिचं. मान्य. मंग? डोस्कं फिरलेल्या मानसाला ऊन लागत न्हाई? वारं लागत न्हाई? ती शहानी असती तरच तिला दार उघडं, असं कुठं लिवलंय? तुजी सगळी शहानी मानसं बघितलीत मी, स्टेजवर. त्यांला कुनी कोंडत न्हाई!"

एक कार्यकर्ता हसला आणि लगेच खोकला. भाऊ लालबुंद झाला. तेवढ्यात वावराचा मालक ताकाचा लोटा घेऊन बांधावरून येत होता. भावाला त्यानं ओळखलं, रामराम घातला.

"मालक," भाऊ त्याला म्हणाला, "तुमचा इसार वापस घ्या. आमच्या आईला भान न्हाई. मेंढरं-बिंढरं काय न्हाईत."

मालकानं लोटा खाली ठेवला. तांबड्यापुढं सरकवला. मग टॉवेलनं तोंड पुसलं.

"वापस कसं घ्यावं? इसार दिला तो दिला. तिनं घेतला तो घेतला."

"अवो, पन मेंढरंच न्हाईत ना!"

"आज न्हाईत. उद्या येतील. वावर कुठं पळून चाललंय?"

"पेरायचं असंल ना तुमाला."

"पेरू की. वरल्या अंगाला पेरतो आधी. मावशीचा कोपरा मागून."

मतदार माणूस, त्याच्यापुढं भावाला आवाज चढवता येत नव्हता. तो तसाच पुढं झाला आणि आईचा दंड धरला. "ऊठ, आये." काळी उठून उभी राहिली. तांबडा, ज्यानं आयुष्यात कुणावर गुरगुर केली नाही, तो ताक सोडून आला आणि आईच्या आणि भावाच्या मध्ये येऊन पडला. काही केलं नाही, नुसता पडला. भावाला त्याला ओलांडता येईना.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग भावाकडं बघितलं, आणि मला वाटतं त्या घडीला तिनं त्याला नीट ओळखलं.

"तू लहानपनी लई वळवळा होतास," ती म्हणाली. "तुला मी घोड्यावर बांदायचे. रडायलास की थांबायचे, उतरवायचे, दोरी सैल करायचे. तुज्यापाई मुक्कामाला रोज उशीर व्हायचा. तुजा बाप मला बोलायचा."

तिनं भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी केली.

"मी वाटी वाजवते तवा तू टीव्ही मोठा करतूस रं."

दंडावरचा त्याचा हात सुटला. कार्यकर्ते दुसरीकडं बघायला लागले. भाऊ वळला आणि गाडीकडं चालायला लागला. मी त्याला हाक मारली नाही. मला त्याची दया आली, पण हाक मारली नाही. आईनं एक भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "दे त्याला. उपाशी आलाय." मी गाडीच्या खिडकीतून दिली. त्यानं ती मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, चल.

आम्ही तिथंच राहिलो. आई रोज सकाळी बांधावर जाऊन मेंढरं बघायची, मी आणि कुत्री मागोमाग. मेंढरं काही आली नाहीत. एकदा मी मालकाला शेवटी सांगितलंच, की तुमची फसवणूक झाली, मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "ताई, मला काय डोळे न्हाईत? पैल्याच दिवशी कळलं. पन मावशीनं सौदा इतका झकास केला, मोडावासा वाटंना. माजी आई गेल्यापासून माज्याशी असं कुनी घासाघीस केलीच न्हाई."

मग एक दिवस आईच म्हणाली, कंबर दुखायली, घरी सोड. डबा जोडला, चूल विस्कटली. निघताना तिला इसाराची आठवण झाली आणि ती अडून बसली. खत न टाकता बाजरी खाल्ली, असं कसं जायचं? मालक म्हणाला, "मावशे, दोन कुत्र्यांनी रोज टाकलंय की! मीच बगितलंय, सगळं वावर भरलं. फिटलं." आईनं विचार केला, मान हलवली आणि जीपमध्ये बसली.

बंगल्यावर भाऊ घरात नव्हता. त्या खोलीच्या दारावर कडी पण नव्हती. भावजय शेंगा भाजत होती. "त्यांनीच काढली," हळूच म्हणाली. "पान्हा घेतला अन गपचूप काढली. भोकं राहिलीत तेवढी." मी भोकांत बोट घालून बघितलं. आईनं पण घालून बघितलं.

भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. मी पण बोलत नव्हते. मला काय गरज! तो आईपाशी रात्री आडवा दारात झोपतो, हे मला भावजयीनं सांगितलं. सोफ्याची सवय झालेला माणूस, पाठ धरते म्हणे. धरू दे.

ह्या वर्षी दिवाळी झाली आणि फोन वाजला. त्याचाच.

"आक्का, आई गाठोडं घेऊन पायरीवर बसलीया. कधी येतीस?"

"तू आनून बसवलीस का ती आली?"



"तिची ती आली."

"मंग निघालेच," मी म्हटलं. "अन ताक करून ठेव. तांबडा हाय बरूबर."